मुरूड सदतीस

नळबाजारामागच्या गल्लीत, मुर्तझाभाईंच्या दुकानात
ती छताला टांगलेली होती : दोन सीट, चार पॅडल,
साखळी एवढी लांब की फ्लोरी म्हणाली, विहिरीला पुरेल.
दिवसाचं भाडं सहाशे. डिपॉझिट पाच हजार, रोख.
आमची आधार कार्डं उलटसुलट करत त्यांनी विचारलं,
“पुढे कोण बसणार?”

पुढे फ्लोरी. हा प्रश्नच नव्हता.
ती गिरीजच्या वाडीतली,
कॅरियरला केळीचे घड बांधून पहाटे वसई स्टेशन गाठणारी.
मी खेतवाडीत वाढले, तिसऱ्या मजल्यावर.
सायकल म्हणजे पेपरवाल्याची,
जिन्याखाली कुलूप लावून ठेवलेली.
अडुसष्टाव्या वर्षी तोल शिकायला जाऊ नका,
असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलंय.
दुसऱ्याच्या तोलावर बसायला हरकत आहे का,
हे मी त्यांना विचारलं नाही.

एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसलो,
ट्रंक बोर्डावर, कानाला हेडफोन, हातात कॉर्ड.
कोकणची बाजू आमच्याकडे.
पेण, रोहा, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन :
बोर्डावरच्या भोकांइतकी पाठ.
कुठलं ढिलं, कुठलं खरखरतं,
कुठल्या गावचा पोस्टमास्तर दुपारी झोपतो.
पाहिलं एकही नाही.

म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बेत.
नोव्हेंबर. पाच दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच.
सायकलीचं तिकीट एक की दोन,
खिडकीवरच्या मुलाला सांगता येईना.
त्यानं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “आणा तर आधी.”
पहिला मुक्काम चौल.
फ्लोरीच्या यादीत पंप, पंक्चरचं सामान, बोंबलाचं लोणचं.
माझ्या यादीत बीपीच्या गोळ्या, टोपी, उशीचा अभ्रा.
मुलानं मोबाइलवर निळी रेघ काढून दाखवली :
“आई, चढ बघितलास का?”
चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं,
एवढं आम्हाला कळतं.

मुरूडला दोन रात्री कशाला, हे त्यानं विचारलं.
फ्लोरीनं नाही.
दर गुरुवारी मुरूड सदतीसवरून एक बाई
परळचा नंबर मागायची. पी.पी. कॉल.
पार्टीचं नाव भालचंद्र.
परळहून उत्तर यायचं, बाहेर गेलेत.
मी सांगायचे, पार्टी हजर नाही.
ती म्हणायची, बरं, राहू दे.
सात वर्षं.
मग एका सोमवारी परळहूनच कॉल बुक झाला,
मुरूड सदतीस, लायटनिंग, आठपट दर.
मी वाजवलं. वाजवत राहिले.
शेवटी फ्लोरीनं हात लांब करून
माझ्या बोर्डातली कॉर्ड काढून घेतली.

सदतीस नंबर आता कुणाचाच नाही.
घर असेल. नसलं तर समुद्र आहे, फ्लोरी म्हणते,
आणि भजी बरी मिळतात असं ऐकलंय.

सराव गल्लीतच, शेजारची दुकानं उघडायच्या आधी.
आधी पाय कुठला, यावरून वाद.
ती म्हणते डावा. मी म्हणते उजवा,
लग्नात भटजींनी तोच टाकायला लावला होता.
माझं चर्चमध्ये झालं, ती म्हणते,
तिथे कुणी पाय बघत नाही.

मागच्या सीटवरून रस्ता दिसत नाही.
दिसते फ्लोरीची पाठ, सुटत आलेलं एक हूक,
आणि मानेवर जुना भाजल्याचा डाग,
शेजारी बसून एकोणीस वर्षांत न दिसलेला.
ब्रेक तिच्याकडे. घंटी तिच्याकडे.
माझ्या हँडलला वळण नाही,
ते नुसतं धरायला.
खड्डा आला की तिनं सांगायचं, असं ठरलंय.

“ऐकू येतंय का?” ती मान न वळवता ओरडते.
पाय जमिनीवरून सुटलेत, माझेही.
“येतंय,” मी म्हणते, “बोला, लाइन चालू आहे,”
आणि मागून मुर्तझाभाई, कागद हलवत,
“अहो बाई, पावती! पावती राहिली!”